मास्क आधी हाताने धरायचा

मी बारा वर्षं चालत्या गाडीत डॉक्टरकी केली. माझी खुर्ची पेशंटच्या उशापाशी, मागे तोंड करून. चिखली ते बुलढाणा, चिखली ते जालना, मेहकर ते अकोला हे सगळे रस्ते मी उलट्या तोंडाने पाहिले. गाव मागे पडलं की मला कळायचं, अरे, गाव आलं होतं.

या नोकरीत मी नेमकी कोण, हे लोकांना कधी नीट उमगलं नाही. एका लग्नात सासूबाईंच्या मैत्रिणीने विचारलं, "तुमची सून अँब्युलन्सवर असते म्हणजे गाडी चालवते का?" सासूबाई म्हणाल्या, "नाही हो, मागे बसते." याहून अचूक व्याख्या मलाही जमली नसती.

गाडी सोडून आता दोन वर्षं झाली. पाठीच्या मणक्यांनी राजीनामा लिहून घेतला. सध्या चिखलीतल्या एका लहानशा दवाखान्यात बसते. खोकला, ताप, गुडघे. पायाखालची जमीन हलत नाही, याची मात्र अजून सवय झालेली नाही. लांबून सायरन ऐकू आला की हात आपोआप वर जातो, छताजवळची दांडी धरायला. पेशंट समोर बसलेला असतो, तो छताकडे बघतो.

संपादकांनी थरारक अनुभव मागितले आहेत. आमच्या कामात थरार कमीच असतो. बराचसा वेळ घाम पुसण्यात आणि काट्यांकडे बघण्यात जातो. म्हणून मी एका यंत्राबद्दल लिहिते, आणि त्या यंत्रापायी ज्यांची माझी गाठ पडली अशा दोन माणसांबद्दल.

यंत्र म्हणजे आमचा प्रवासी व्हेंटिलेटर. शाळेच्या दप्तराएवढा, वर उचलायला मूठ. व्हेंटिलेटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घशात नळी घातलेला बेशुद्ध माणूस येतो, आणि नातेवाईक रडायला लागतात. पण त्याच यंत्राचा दुसराही एक उपयोग आहे. माणूस शुद्धीवर आहे, स्वतः श्वास घेतो आहे, पण घेऊन घेऊन दमला आहे. अशा वेळी घशात नळी न घालता नाकातोंडावर घट्ट मास्क बसवायचा आणि यंत्राने त्याच्या श्वासाला हात द्यायचा. त्याने श्वास ओढायला सुरुवात केली की यंत्र जोराने हवा आत ढकलतं. सोडताना जोर कमी करतं, पण पूर्ण सोडत नाही. थोडा दाब कायम ठेवतं, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक पिशव्या मिटत नाहीत. सायकलवर चढ चढणाऱ्याला कुणी मागून हात लावावा, तसं. पाय त्यानेच मारायचे, पण पाठीवर हात असला की चढ संपतो.

ऐकायला सोपं आहे. अडचण अशी की ज्याचा जीव आधीच घुसमटतो आहे, त्याच्याच तोंडावर आपण काहीतरी दाबून धरणार असतो.

ही अडचण मला शिकवली डोणगावच्या विमलबाईंनी.

मी नोकरीत नवी होते. डोणगाव माझं माहेर, त्यामुळे विमलबाई ओळखीच्या. गावात त्या पापड-कुरडयांच्या बाई म्हणून प्रसिद्ध होत्या. त्या दिवशी त्यांचं हृदय थकलं होतं आणि छातीत पाणी भरलं होतं. मेहकरहून अकोल्याला न्यायचं होतं. सकाळचे दहा वाजले असतील. त्या बसल्या होत्या, आडवं होता येत नव्हतं, ओठ काळसर, आणि शेजारी लेक, सुनंदा.

मास्कचं प्रशिक्षण माझं नुकतंच झालं होतं. प्लास्टिकच्या पुतळ्यावर. पुतळ्याने काहीही तक्रार केली नव्हती. मी यंत्र सुरू केलं, दाब पुस्तकात दिला होता तेवढा थेट लावला, मास्क चढवला आणि चारही पट्टे करकचून ओढले. हवा गळायला नको ना.

विमलबाईंनी मास्क ओरबाडला. "गळा दाबून राह्यली माह्या! सुनंदा, ही मारते मले!"

"मावशी, तुमच्या भल्यासाठीच आहे, थोडं सहन करा," मी म्हणत होते आणि त्यांचे हात धरत होते. सुनंदालाही धरायला लावले. मालेगावपर्यंत आमची तिघींची ही झटापट चालली. मग त्या थकल्या. मला वाटलं शांत झाल्या, पण ती गुंगी होती. गुंगीतल्या माणसाला मास्क चालत नाही. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाते. वाटेतल्या दवाखान्यात थांबून शेवटी नळी घालावी लागली. अकोल्याला त्या पोचल्या, पण पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या.

तिथल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, हृदय फारच खराब होतं, तुमच्या हाताने काही बिघडलं नाही. असेलही. पण त्यांचा शुद्धीतला शेवटचा तास माझ्याशी झगडण्यात गेला, आणि लेकीच्या हातांनी त्यांना दाबून धरलं, हे मी त्या दोघींना करायला लावलं होतं. सुनंदा नंतर बाजारात भेटायची. नेहमी नीट बोलायची. त्यामुळे जास्तच अवघड जायचं.

त्या आठवड्यात एका दुपारी गाडी उभी असताना मी आमच्या पायलटला, म्हणजे ड्रायव्हर जब्बारभाईंना, मागे बोलावलं. आमच्यात ड्रायव्हरला पायलट म्हणतात. जब्बारभाई पन्नाशीचे, खांद्यावर कायम पांढरा टॉवेल, आणि खड्डा यायच्या आधी "मॅडम, संभालो" असं ओरडण्याची सवय.

"जब्बारभाई, हा मास्क मला लावा. मी सांगितलं तरी दोन मिनिटं काढायचा नाही."

"काऊन मॅडम? तब्येत बरोबर नाही का?"

"तब्येत ठीक आहे. लावा."

मी स्ट्रेचरवर पडले. विमलबाईंना लावला होता तेवढाच दाब, तेवढेच आवळलेले पट्टे. पहिल्याच श्वासाला वाटलं, धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढलं आहे आणि ते आत घेता येत नाही. पुढचा श्वास मी सोडत होते तेव्हा यंत्र आत ढकलत होतं. ओरडले, तर आवाज मास्कमध्येच राहिला. माझी फुप्फुसं ठणठणीत होती, यंत्र कुठे बंद करायचं ते मला माहीत होतं, तरी मी दोन मिनिटं काढू शकले नाही. मीच तो ओरबाडून काढला.

जब्बारभाई घाबरून बघत होते. मग हळूच म्हणाले, "मॅडम, पहले नुसता हातानं धरून पाहू का? पट्ट्याबिगर?"

त्यांनी मास्क माझ्या तोंडापाशी नुसता टेकवला. मी दाब अगदी कमी केला. हवा बाजूने निसटत होती, पण मला माहीत होतं की मान वळवली की सुटका आहे. आणि सुटका आहे म्हटल्यावर मान वळवावीशी वाटेना. पाच मिनिटांनी मी स्वतःच खूण केली, आता पट्टे लावा.

पुस्तकातही हेच लिहिलेलं होतं, फक्त एका ओळीत. ती ओळ मी वाचली होती. त्या दिवशीपासून मी कुणालाही पट्टे आधी लावले नाहीत. मास्क त्याच्याच हातात द्यायचा, वर आपला हात ठेवायचा, दाब कमी ठेवून सुरू करायचं, त्याच्या श्वासाबरोबर मोजायचं, आणि त्याने मान डोलावल्यावरच पट्टे. तेही असे की खालून दोन बोटं जातील.

भगवंतराव भेटले ते यानंतर सात-आठ वर्षांनी.

भगवंतराव चिखलीच्या बस स्टँडवर कंट्रोलर होते. लाउडस्पीकरवरून गाड्या सांगायचे. आम्ही शिकायला जायचो तेव्हा त्यांचा चेहरा कुणी पाहिलेला नव्हता, पण आवाज सगळ्या तालुक्याला पाठ होता. देऊळगाव राजाचं नाव ते असं लांबवून घ्यायचे की गाडीत चढलेला माणूसही खिडकीतून डोकावायचा. निवृत्त होऊन अमडापूरला राहत होते. आयुष्यभर बिड्या ओढल्यामुळे फुप्फुसं सैल पडली होती. हवा आत जायची, बाहेर निघायची नाही.

त्या दिवशी ते चिखलीच्या दवाखान्यात होते. जवळपास व्हेंटिलेटरचा बेड रिकामा नव्हता, जालन्याला मिळाला होता. मी गेले तर ते पुढे वाकून, गुडघ्यांवर हात रोवून बसलेले. गालफडं आत गेलेली, झुपकेदार मिशी, आणि बोलणं चालूच. एका श्वासात दोन शब्द.

"कोणती... गाडी?"

"जालना, काकाजी. थेट."

"थांबे?"

"एकही नाही."

"मंग... ठीक."

पत्नी कुसुमकाकू पिशवी घट्ट धरून उभ्या होत्या. मी मास्क काकाजींच्या हातात दिला. सांगितलं, यंत्र हवा देईल तेव्हा घ्यायची, सोडावंसं वाटलं की सोडायची, घाई नाही. त्यांनी मास्क टेकवला, दोन श्वास घेतले, काढला.

"म्हणजे गाडी... फलाटाला लागली... की चढायचं."

"अगदी बरोबर."

"आणि सुटल्यावर... धावायचं नाही."

दहा मिनिटं गेली, पण त्यांचं जमलं. त्यांनी स्वतः बोटाने पट्ट्यांकडे खूण केली. आम्ही निघालो.

आता थोडा हिशोब सांगते. आमच्याकडे ऑक्सिजनचे दोन सिलिंडर होते. जालना पावणेदोन तास. नीट बसलेल्या मास्कवर एक सिलिंडर जवळजवळ दोन तास पुरतो, म्हणजे दुसरा पूर्ण शिलकीत. पण मास्कच्या कडेने हवा गळाली, तर यंत्र ती भरून काढायला आणखी ओढतं, आणि ऑक्सिजन रस्त्यावर वाटत गेल्यासारखा संपतो.

देऊळगाव मही यायच्या आधीच पहिल्या सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याला टेकला. मास्कच्या कडेने फुस्स आवाज येतच होता. आधी मला वाटलं मिशीमुळे. पट्टे थोडे ओढले, मास्क खाली-वर केला. फुस्स थांबेना. काकाजींचा श्वास पुन्हा वाढला, मान गळायला लागली. यंत्र एकसारखं केकाटत होतं. मी दुसरा सिलिंडर जोडला. याच वेगाने तो पाऊण तास चालला असता, आणि रस्ता त्याहून जास्त होता.

"जब्बारभाई, देऊळगाव राजाच्या दवाखान्यात फोन लावा, सिलिंडर तयार ठेवा म्हणावं!"

"लावतो मॅडम. संभालो, गड्डा!"

खड्ड्याने काकाजींचं डोकं हललं आणि मला दिसलं की मास्कची कड त्यांच्या गालावर टेकतच नाही. गाल आत ओढलेला. खाली जागाच रिकामी. मी काकूंकडे वळले.

"काकू, काकाजींना कवळी आहे का?"

"हाव, हाय ना. काढून ठेवली मी. हे काय." त्यांनी पिशवीतून स्टीलची डबी काढली. "दम लागला तं काढून घ्या म्हणे कोणीतरी."

बरोबरच सांगितलं होतं कुणीतरी. नळी घालायची वेळ आली तर कवळी आधी काढतात. आणि सैल कवळी घशात सरकली तर जीवावर बेतेल. म्हणून विचारलं, "घट्ट बसते का?"

"घट्ट? भुईमुगाच्या शेंगा फोडतात तिनं."

मी मास्क काढला, तेवढ्यात बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा झरझर खाली आला. "काकाजी, तोंड उघडा. काकाजी!" डोळे अर्धवट मिटलेले. माझ्याने कवळी बसेना, मिशी मध्ये यायची, गाडी हलायची. काकूंनी मला बाजूला सारलं. वरची, मग खालची, अंगठ्याने दाबून, दोन क्षणांत. "रोज मीच तं देतो त्याहिले," त्या म्हणाल्या.

गाल भरले. मी मास्क पुन्हा हाताने धरला आणि फुस्स बंद झालं. इतकं अचानक, की जब्बारभाईंनी पुढून विचारलं, "मॅडम, मशीन बंद पडली का?"

"नाही जब्बारभाई. आत्ता सुरू झाली."

पंधरा-वीस मिनिटांत मान वर आली. आकडा नव्वदवर स्थिरावला. काकू बघत होत्या. "शंभर काऊन नाही करत हो तुम्ही?" त्यांना समजावलं की या आजारात शंभर केलं तर पेशंट झोपी जातो, श्वासच मंदावतो, नव्वद म्हणजे यांचे शंभरच. देऊळगाव राजाला एक सिलिंडर घेतला. तो लागला नाही. जालन्याला स्ट्रेचर उतरवताना काकाजींनी मास्क बाजूला केला आणि म्हणाले, "वेळेवर आणली." गाडीबद्दल म्हणाले. मी पुढचे चार दिवस हवेत होते.

आजही मी कवळी आहे का हे आधी विचारते. खोकल्याच्या पेशंटलाही विचारते. तो बुचकळ्यात पडतो.

नवव्या दिवशी ते घरी आले. जालन्याच्या डॉक्टरांनी घरी वापरायला तसंच लहान यंत्र आणि ऑक्सिजनचं एक वेगळं यंत्र लावून दिलं. अमडापूरकडे कॉल असला की परतताना आम्ही पाच मिनिटं थांबायचो. काकू मास्क कशा लावतात ते बघण्यासारखं होतं. शेजारणीला समजावत होत्या, "आधी हातानं धरायचा. माणसाले वाटलं पाहिजे, मले सोडता येते." काकाजी मास्क मध्येच काढून बोलायचे, काकू रागवायच्या, जब्बारभाई चहा प्यायचे. माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले चहा ते.

दीड वर्षाने त्यांच्याकडून कॉल आला. बुधवारची दुपार. ओसरीत बाजेवर उशांना टेकून बसले होते. पाहताच कळलं की या वेळी काम वेगळं आहे. मी आमच्या पिशवीतून मास्क काढला, त्यांच्या हातात द्यायला पुढे केला. त्यांनी तो घेतला, बाजेवर ठेवला, आणि मान हलवली.

"नाही... पोरी. आता... नाही."

या आजारात रक्तात विष साठलं की माणूस भलतंच बोलतो. म्हणून मी विचारलं, "काकाजी, आज वार कोणता?"

"बुधवार... आणि तू मले... येडा समजून राह्यली."

पुण्याहून मुलाचा, बाळूचा फोन होता. तो निघालेला होता. "डॉक्टर, ते काहीही म्हणोत, तुम्ही घेऊन निघा. मी तुमच्या पाया पडतो."

कामाच्या नियमाने मला न्यायचंच होतं. पण माणूस शुद्धीवर होता आणि नाही म्हणत होता. जालन्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "भगवंतरावांनी मागच्याच भेटीत सांगितलं होतं, पुन्हा दवाखाना नको, मास्क नको. माझ्याकडे लिहिलेलं आहे." तरी माझे हात मास्ककडे जात होते. लावला असता तर कदाचित दोन दिवस मिळाले असते. कदाचित बाळूची भेट झाली असती. हे मी काकाजींना सांगितलं, लपवलं नाही. त्यांनी फोन मागितला.

"बाळू... मी सांगतलं तिले. तिच्यावर... ओरडू नको. गाडी... हळू चालव."

पलीकडे बाळू लहान मुलासारखा रडत होता. दारापर्यंत ऐकू येत होतं.

घरचं ऑक्सिजनचं यंत्र नाकात थोडा ऑक्सिजन देत होतं. तेवढं ठेवलं. धाप कमी व्हायला डॉक्टरांनी सांगितलेलं औषध दिलं. कागदावर त्यांची सही घेतली, काकूंची घेतली. आमचा व्हेंटिलेटर बंद करून मी त्याच्या पिशवीची चेन ओढली. बारा वर्षांत, माणूस समोर श्वासासाठी धडपडत असताना ती चेन मी एकदाच ओढली. मग अर्धा-पाऊण तास तिथेच बसले. ते काकूंशी बोलत होते, दोन-दोन शब्द, मध्ये लांब थांबे. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. कंट्रोल रूमचा फोन आला, मेहकर रस्त्यावर अपघात होता. जावं लागलं. काकाजींनी हात वर केला. गाडी सुटताना करतात तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. "डॉक्टरबाई, काल दिवस बुडायच्या आधी गेले. बाळू तवा रस्त्यातच व्हता."

बाळूचा आवाज कानात होता. मी विचारलं, "फार त्रास झाला का हो काकू?"

"शेवटी थोडा झाला. पण बोलत बोलत गेले."

"काय बोलत होते?"

"काही खास नाही हो," काकू म्हणाल्या. "सकायच्या भाजीत मीठ जास्त झालं म्हणे. मंग म्हणे, कुसुम, तू इकडे बस, तिकडून तुह्या तोंडावर ऊन येऊन राह्यलं. मी बसली इकडे. मंग गेले."